कपाटावर पडलेल्या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट कसं टाकायचं

२०२० साली शाळा घरात आली, तेव्हा माझ्या बहिणीनं भाचीसाठी एक छोटा लॅपटॉप घेतला. ११.६ इंची पडदा, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण. शाळा पुन्हा शाळेत गेली आणि लॅपटॉप कपाटावर गेला. मधे दोनदा खाली आला, दोन्ही वेळा दुकानात गेला, "फॉरमॅट मारून देतो" म्हणून पैसे देऊन परत आला आणि दोन महिन्यांत पुन्हा तसाच रडायला लागला.

तो रडत होता त्याचं कारण साधं आहे. ३२ जीबीतली वीसेक जीबी एकटं विंडोज खातं. मग नवं अपडेट येतं, त्याला उतरायलाच जागा नसते, ते अर्धवट अडकतं, रोज पुन्हा प्रयत्न करतं आणि त्या खटाटोपात बिचारं मशीन गुदमरतं. फॉरमॅट मारून हा हिशोब बदलत नाही. त्यात विंडोज १० ची सर्वसाधारण अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला निदान ६४ जीबी साठवण लागते, म्हणजे हे मशीन पहिल्याच दारातून परत.

अशा मशीनवर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो. मिंट तीन रूपांत मिळतं: सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. हलक्या लॅपटॉपला एक्सएफसीई घ्या. ते दिसायला साधं आहे, पण खालची पट्टी, कोपऱ्यातला मेनू, घड्याळ सगळं विंडोजवाल्याच्या हाताला सापडतं, आणि नुसतं चालू ठेवलं तर साधारण १ जीबीच्या आत-बाहेर रॅम घेतं. सध्याची २२ ची मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर बेतलेली आहे आणि तिला २०२९ च्या एप्रिलपर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. मिंटचे लोक किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा सांगतात. २ जीबीवर ते उभं राहतं खरं, पण ब्राउझर उघडला की जीव मेटाकुटीला येतो. माझ्या मते ४ जीबीच्या खाली या भानगडीत पडू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात काळ्या खिडकीत एकही आज्ञा टाइप करायची नाहीये. सगळं माऊसनं होतं.

कोणी हे करू नये

टॅली वापरत असाल तर थांबा. जीएसटी किंवा ई-निविदांसाठी डिजिटल सहीचं टोकन लावत असाल तरी थांबा. घरात निदान एक विंडोज मशीन असू द्या. डीटीपीचं काम श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर तेही इथे चालायचं नाही. प्रिंटरच्या बाबतीत नशीब लागतं. बरेचसे नवे प्रिंटर वायर लावली की ओळखले जातात, पण कॅननचे कॅप्ट पद्धतीचे जुने लेझर प्रिंटर छळतात.

ब्राउझर, मेल, पीडीएफ, पत्रं लिहिणं, हिशोबाचे तक्ते, गाणी, मुलांचे व्हिडिओ एवढंच काम असेल तर पुढे चला.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि 'सिस्टिम टाइप' वाचा. '६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असं असेल तर उत्तम. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असं दिसलं तर सावध व्हा. २०१५-१६ च्या सुमारास ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसरचे स्वस्त लॅपटॉप खूप विकले गेले. त्यांचा प्रोसेसर ६४-बिट, पण मशीन सुरू करणारं आतलं फर्मवेअर ३२-बिट. मिंटचा पेनड्राइव्ह तिथे सरळपणे उठत नाही. त्यांना डेबियन या वेगळ्या लिनक्सच्या वाटेनं न्यावं लागतं, आणि ती वाट नवख्याची नाही.

आधी सामान बाहेर काढा

डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स: सगळं बाहेरच्या डिस्कवर किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. लोक नेमकं डाउनलोड्स विसरतात, आणि दहावीच्या मार्कशीटची स्कॅन प्रत नेमकी तिथेच असते. ब्राउझरमधल्या खुणा आणि पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत ना, तेही बघा.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. बऱ्याच लॅपटॉपांत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' कोणी न सांगताच चालू असतं. ते चालू असताना बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, काही बदललं तर विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती कुठे आहे हे तेव्हा कोणालाच आठवत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. अर्धा तास लागला तरी थांबा.

पुन्हा विंडोजवर यायची वेळ आली तर? विंडोजचा डिजिटल परवाना बहुधा मदरबोर्डशी बांधलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट लावलं की ती स्वतःहून चालू होते. त्यामुळे परतीची दोरी कापली जात नाही.

पेनड्राइव्ह

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटच्या संकेतस्थळावरून एक्सएफसीई आवृत्तीची आयएसओ फाइल उतरवा. अख्खं मिंट त्या एका फाइलीत असतं, ती साधारण ३ जीबीची आहे. मोबाइलच्या डेटावर उतरवत असाल तर दिवसाचा कोटा बघून घ्या.

फाइल नीट उतरली की नाही हे तपासणं बहुतेक जण टाळतात आणि मग अर्ध्यात इन्स्टॉल अडकलं की लॅपटॉपला शिव्या देतात. सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर असेल तर आयएसओवर राइट क्लिक करून त्याच्या मेनूतून एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा ठसा, काढता येतो. अक्षरं आणि आकडे मिळून ६४ चिन्हांची ओळ येते. तीच ओळ मिंटच्या डाउनलोड पानावर दिलेली असते. सुरुवातीची सहा आणि शेवटची सहा चिन्हं जुळली तर मी पुढे जातो. चोख माणसानं सगळी जुळवावीत.

आता आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणारं रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडा. वर पेनड्राइव्ह निवडा, खाली आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा. मधे एक खिडकी विचारेल की आयएसओ पद्धतीनं लिहू की डीडी पद्धतीनं. आधी आयएसओ. पेनड्राइव्ह उठलाच नाही तर पुन्हा येऊन डीडी पद्धतीनं लिहा.

न टाकता चालवून बघा

लॅपटॉप बंद करा. 'शट डाउन' म्हणताना शिफ्ट दाबून ठेवा, म्हणजे विंडोज अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होतं. पेनड्राइव्ह लावा, चालू करा आणि लगेच बूट मेनूची कळ टपाटप दाबत राहा. डेलला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसूसला एस्केप, लेनोवोला एफ१२ किंवा कडेला टाचणीनं दाबायचं बारीक छिद्र. एसरलाही एफ१२, पण त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये तो मेनू आधी एफ२ नं बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त ओळखीची सिस्टिम सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय, चालूच राहू द्या, मिंटला ते चालतं. पेनड्राइव्ह उठलाच नाही तर मात्र बंद करून बघा.

मिंटचा पडदा आला, पहिली ओळ निवडली, मिनिट-दोन मिनिटांत डेस्कटॉप दिसला. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' घ्या. हे सगळं अजून पेनड्राइव्हवरून चालतंय, लॅपटॉपच्या डिस्कला हात लागलेला नाही. म्हणून इथे घाई करू नका. मी एक अख्खी संध्याकाळ देतो. वायफाय जोडा. एक गाणं लावा. कॅमेरा बघा. उजेड कमी-जास्त करायच्या कळा दाबा. झाकण मिटा, पाच मिनिटांनी उघडा आणि मशीन जागं होतं का ते बघा. हलक्या लॅपटॉपात सगळ्यात जास्त दगा इथेच होतो, आणि झाकण मिटून दप्तरात टाकणाऱ्या मुलाला ते लगेच खटकतं.

वायफाय दिसतच नसेल तर घाबरू नका. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला लावा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला इंटरनेट मिळतं. मग टाकून झाल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला की ब्रॉडकॉमसारख्या चिपचा ड्रायव्हर तो स्वतः सुचवतो.

पेनड्राइव्हवरून चालताना सगळं थोडं जड वाटेल. त्यावरून मत बनवू नका.

टाकताना

चार्जर लावा. बॅटरी पाच वर्षांची आहे आणि वीज आपल्याला विचारून जात नाही.

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' वर दोनदा टिचकी. भाषा विचारेल, यादीत मराठी आहे. मी तरी पहिल्यांदा इंग्रजीच घेतो. अडल्यावर जी मदत शोधाल ती इंग्रजी मेनूंच्या नावांनी असते आणि मराठी भाषांतर काही ठिकाणी अर्धवट आहे. भाषा नंतर केव्हाही बदलता येते. कीबोर्ड मात्र इथे कटाक्षानं इंग्रजीच ठेवा. मराठी निवडलात तर पासवर्ड देवनागरीत पडेल आणि पडद्यावर ठिपके दिसत असल्यामुळे कळणारही नाही.

'मल्टिमीडिया कोडेक्स' वर खूण करा, गाणी-व्हिडिओ चालायला ते लागतात. सिक्युअर बूट चालू असेल तर तिथे एक पासवर्ड मागेल. तो कागदावर लिहा, पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून एकदाच द्यायचा असतो.

आता खरी जागा आली. 'इन्स्टॉलेशन टाइप' मध्ये विंडोजच्या शेजारी टाकायचा पर्याय दिसेल आणि 'इरेज डिस्क' म्हणजे सगळं पुसून टाकायचाही. ३२ आणि ६४ जीबीच्या मशीनवर दोघांचा संसार होत नाही, सरळ पुसा. १२८ जीबी असेल तर शेजारी-शेजारी नांदू शकतात, पण मग विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करा, नाहीतर लिनक्सला विंडोजच्या फाइलींत लिहिता येत नाही.

पुसायचं, पण काय? ही चूक मी केलेली आहे म्हणून जरा लांबण लावतो. मोठ्या लॅपटॉपात आतली डिस्क बहुधा 'एसडीए' किंवा 'एनव्हीएमई' अशा नावानं दिसते. छोट्या लॅपटॉपात आतली साठवण म्हणजे ईएमएमसी चिप, मदरबोर्डवर डाक दिलेली, आणि ती 'एमएमसीबीएलके' या नावानं दिसते. तिथे 'एसडीए' म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह! आणि कडेच्या खाचेत मेमरी कार्ड असेल तर तेही 'एमएमसी/एसडी कार्ड' म्हणूनच यादीत येतं, फक्त क्रमांक वेगळा. भाचीच्या लॅपटॉपात ३२ जीबीचं कार्ड तसंच राहिलं होतं. यादीत दोन ओळी, नावं सारखी, आकडे जवळजवळ सारखे. मी वरची निवडली. तासाभरानं मशीन सुरू केलं तर समोर विंडोज, जसंच्या तसं, आणि कार्डावर लिनक्स मिंट. कार्डात भाच्याच्या मुंजीचे फोटो होते. फोटोरेक या सॉफ्टवेअरनं त्यातले निम्मे-अधिक परत मिळाले, नावं आणि तारखा नसलेले. बहीण अजून तो विषय जेवणाच्या ताटावर काढते.

तेव्हा: मेमरी कार्ड, माऊसचं डोंगल सोडून बाकीची यूएसबी उपकरणं, बाहेरची डिस्क, सगळं काढा. फक्त मिंटचा पेनड्राइव्ह राहू द्या. आणि 'इन्स्टॉल नाऊ' च्या आधी डिस्कचा आकार मोठ्यानं वाचा. ३२ जीबीची चिप ३१ जीबीच्या आसपास दिसते.

पुढे वेळेसाठी नकाशावर 'कोलकाता' घ्या, नाव आणि पासवर्ड द्या. ईएमएमसी मंद असते, अर्धा-पाऊण तास धरा. झालं की पेनड्राइव्ह काढायला सांगेल, काढा आणि एंटर.

'नो बूटेबल डिव्हाइस' असं आलं तर इन्स्टॉल फसलं असं समजू नका. काही लॅपटॉपांचं बायोस नव्या सिस्टिमवर आपणहून विश्वास ठेवत नाही. बायोसमध्ये सिक्युरिटीच्या पानावर आधी सुपरवायझर पासवर्ड लावावा लागतो, मगच मिंटची 'ईएफआय' फाइल 'विश्वासू' म्हणून निवडायचा पर्याय उघडतो.

पहिल्या दिवशी

कोपऱ्यातली ढाल म्हणजे अपडेट मॅनेजर. पहिल्यांदा ते जवळचा मिरर, म्हणजे अपडेट्स उतरवायचा सर्व्हर, निवडायला सुचवेल, भारतातला वेगवान दिसेल तो घ्या. सगळी अपडेट्स करा. मग त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये 'ऑटोमेशन' च्या पानावर जुने कर्नल (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) आपोआप काढून टाकायचा पर्याय आहे, तो चालू करा. विंडोजनं ज्या कारणानं जीव सोडला, त्याच कारणानं मिंटही सोडेल, जागा भरत गेली तर.

जागेचं आणखी एक. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच सॉफ्टवेअर कधी 'सिस्टिम पॅकेज' आणि कधी 'फ्लॅटपॅक' अशा दोन रूपांत असतं. फ्लॅटपॅक आपल्याबरोबर शेकडो एमबीचं बिऱ्हाड घेऊन येतं. या मशीनवर सिस्टिम पॅकेजच घ्या. टाइमशिफ्ट हे सिस्टिमची प्रत ठेवणारं साधन चांगलं आहे, पण पहिली प्रत सिस्टिमएवढीच जागा घेते. ३२ जीबीतली ८-१० जीबी तशी घालवू नका. बाहेरची डिस्क लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर प्रत तिथे ठेवा, नसेल तर टाइमशिफ्ट सोडून द्या आणि आपल्या फाइली तेवढ्या जपा.

४ जीबी रॅमसाठी एकच उपाय करतो. मेनूतलं सिनॅप्टिक हे सॉफ्टवेअर टाकायचं साधन उघडून 'झेडरॅम-कॉन्फिग' शोधायचं, टाकायचं, मशीन पुन्हा सुरू करायचं. रॅमचाच एक भाग दाबून, घडी घालून वापरला जातो, त्यामुळे मंद चिपवर सारखी ये-जा करावी लागत नाही. बाकी 'लिनक्स वेगवान करण्याच्या वीस युक्त्या' वाचू नका. टॅब कमी उघडा.

मराठी

अक्षरं दिसण्यासाठी काही करावं लागत नाही. टाइप करण्यासाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग लेआउट; 'यूज सिस्टिम डिफॉल्ट्स' बंद करा आणि यादीतून मराठी (एनहान्स्ड इनस्क्रिप्ट) जोडा. भाषा बदलायची कळ तिथेच ठरवता येते. पट्टीवर राइट क्लिक करून कीबोर्ड लेआउटचं चिन्ह बसवा, म्हणजे आत्ता कोणती भाषा चालू आहे ते दिसत राहील. इनस्क्रिप्टची सवय नसेल आणि 'नमस्कार' रोमनमधून लिहायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'आयबस-एम१७एन' टाका, मेनूतल्या 'इनपुट मेथड' मध्ये आयबस निवडा, लॉग आउट करून परत या आणि मराठीतलं फोनेटिक किंवा आयट्रान्स निवडा.

माझं ऐकाल तर इनस्क्रिप्ट शिका, पंधरा दिवसांचं काम आहे. 'दऱ्या', 'तऱ्हा' मधला अर्धा र, जो रोमनमधून लिहिताना जीव खातो, तो इथे सरळ आहे: शिफ्ट धरून जे, मग डी. त्यापुढे तिरपी रेघ दाबली की य येतो आणि ई दाबली की काना. ळ साठी शिफ्ट आणि एन.

लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे मिंटबरोबर येणाऱ्या पत्रं-तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा आणि त्याची भाषा मराठी ठेवा. हे केलं नाही तर ल आणि श हिंदी वळणाचे येऊ शकतात. केलं की लोहित किंवा मुक्तासारख्या फाँटमध्ये ल आणि श आपल्या शाळेतल्या फळ्यावर असायचे तसे दिसतात.

घरात शिवाजी किंवा श्री-लिपीच्या फाँटमधली जुनी पत्रं असतील तर ती उघडतील पण सगळा गिचमिड मजकूर दिसेल. ती युनिकोडमध्ये नाहीत. विंडोज पुसायच्या आधी त्याच्या फाँट्सच्या फोल्डरमधून ते फाँट उचलून ठेवा. मिंटमध्ये फाँटच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली की तो बसवायचं बटण येतं, आणि पत्र वाचता येतं. हे मला मेहुण्यांच्या सोसायटीची इतिवृत्तं उघडताना कळलं, म्हणजे विंडोज पुसून झाल्यावर. फाँट शेवटी सोसायटीच्या ऑफिसमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर सापडला.